जांभळे ठसे

दोघी बहिणी एकाच कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. थोरली जाऊन वर्ष उलटलं, तरी धाकटी तिथेच होती. अमिनो आम्लं वेगळी करायचा प्रयोग तीच शिकवायची. कागदाच्या पट्टीवर थेंब ठेवून पट्टी द्रावकात उभी करायची. पाण्याशी फटकून वागणारी आम्लं झरझर वर चढतात. ज्यांच्या रेणूंत धन-ऋण टोकं असतात, ती पाण्याच्या ओढीनं ओलसर कागदाला धरून खालीच राहतात.

"माहेरी आलेल्या नणंदेसारखी," ती म्हणायची. "पाण्याचा पेला पुढे केला, की उठायचं नावच नाही."

मुलं त्या दिवशीही हसली. मग तिनं पट्टीवर अमिनो आम्लांना जांभळा रंग आणणारं निनहायड्रिन फवारलं, पट्टी गरम केली, आणि ठिपक्यांच्या शेजारी, कडेला, एक जांभळा अंगठा उमटला. मधोमध तिरपा व्रण. काच फुटून झालेला, थोरलीचा. कागदाचा तो गठ्ठा तिनंच फोडला होता.

धाकटीचा जीव गलबलला. बोटांच्या घामातलीही तीच आम्लं, वर्षभर कागदाला धरून बसलेली! ताई अजून कुठे कुठे असेल?

थोरलीच्या आजारपणातल्या खोलीला जुना, खरखरीत वॉलपेपर होता. सुट्टीच्या दिवशी आई मावशीकडे गेल्यावर धाकटीनं पलंगापासून दारापर्यंतच्या भिंतीवर तेच निनहायड्रिन फवारलं, रंग लवकर चढावा म्हणून उकळत्या पाण्याचं पातेलं आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

दुपारी उघडून बघते तो उशीच्या उंचीवर बोटं उमटलेली. तिला हसू आलं, रडूही आलं. मग नजर खाली गेली.

ठसे पलंगापाशी थांबले नव्हते. जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकामागून एक, पंजे दाराकडे सरकत गेले होते. बोटं फाकलेली, कुठे घसरलेली. दाराच्या हातभर अलीकडे शेवटचा पंजा. पुढे भिंत कोरी.

'झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नाही,' असं आई सगळ्यांना सांगत आली होती. धाकटी तेव्हा बाहेरगावी होती.

आई परतली, दारातच थबकली. हातातली पिशवी गळून पडली.

"आई, ताई कुठे सापडली तुला?"

"रात्री आवाज आला होता गं," आई म्हणाली. "वाटलं, शेजाऱ्यांकडे काहीतरी ठोकताहेत. सकाळी मीच उचलून पलंगावर निजवली. तुला काय सांगणार होते?"

धाकटीनं तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

"पुसलं तर जाईल का हे?" आईनं विचारलं.

"माहीत नाही."

फडकं आणि गरम पाण्याची बादली आणली दोघींनी. पाणी निवून गार झालं, पण फडकं कुणीच भिजवलं नाही.

त्या दिवसापासून आई त्याच खोलीत निजते, दार सताड उघडं टाकून. कुठे खुट्ट झालं, की "आले गं, आले" म्हणत उठते. पलीकडच्या खोलीत धाकटीही उठून बसते. श्वास रोखून ऐकत राहते, आईला कुणी उत्तर देतंय का.