उलटी लव

"दिवे लागले की मधली पट्टी काळपट दिसते म्हणे." मालकीणबाईंनी नाट्यगृहातून परत आलेला पडदा टेबलावर धपकन टाकला. "बाकी सगळा डाळिंबी आणि मधोमध हे असं. लोकांनी नाटक बघायचं की ठिगळ?"

शिवणखोलीत सगळ्यांत जुन्या असलेल्या वहिनींनी त्यावरून नुसता हात फिरवला. मखमलीला लव असते. एका दिशेनं मऊ, दुसऱ्या दिशेनं खरखरीत. एखादी पट्टी उलटी जोडली गेली की उजेड तिच्यावर वेगळा पडतो. ही पट्टी उलटी होती.

पट्ट्या साखरेनं कापल्या होत्या. हे नाव वहिनींनीच तिच्या गोड वागण्यावरून तिला मनातल्या मनात ठेवलेलं. एकदा बटणांची काजं शिवणाऱ्या काजेवालीजवळ तोंडून निसटलं आणि शिवणखोलीभर झालं. वहिनींनी टोचायला ठेवलेलं नाव बाकीच्यांनी लाडानं उचललं, तेव्हापासून वहिनींच्या पोटात जास्तच दुखायला लागलं.

कुणाचं पोर तापलं की त्या आईचं उरलेलं काम साखर हसत हसत उरकायची. दुसऱ्यांची कामं वहिनींनीही आयुष्यभर उरकली होती, पण कपाळाला आठी घालून, दोन शब्द सुनावून. लोकांच्या लक्षात आठी राहिली. आणि आता मालकीणबाई नवं दुकान काढत होत्या. ते या दोघींपैकी एकीच्या हाती जाणार होतं.

"लवेची दिशा दाखवणारे बाण नीट काढले होतेस ना गं?" मालकीणबाईंनी साखरेला विचारलं.

"काढले होते, बाई." साखरेनं पडदा जवळ ओढला. "पण माझंच चुकलं असेल. मी उसवून देते."

"मी असते तर आधी मशीनवर ढकललं असतं, मग विजेवर," काजेवाली म्हणाली. सगळ्या हसल्या.

मालकीणबाई मात्र म्हणाल्या, "गोड स्वभाव ठीक आहे गं. दुकान सांभाळायला नजर पक्की लागते."

म्हणजे दुकान वहिनींचं. फक्त गप्प बसायचं होतं.

पण मधल्या पट्टीला टाचण्या कुणी लावल्या, ते वहिनींना पक्कं आठवत होतं. त्या दिवशी घाई होती, खोलीत तिघीच उरल्या होत्या, आणि मालकीणबाई फोन कानाशी धरून स्वतः टाचायला बसल्या होत्या. साखरेलाही हे ठाऊक होतं. तरी तिच्या चेहऱ्यावर कुरकुरीची रेघ नाही. वहिनी आतून जळाल्या. दुकान हातात येत होतं, आणि त्यांना हवा होता तो चेहरा. उद्या ही दुकानावाचून मोठी ठरणार, आणि आपण दुकान घेऊन लहान.

त्यांनी कात्री उचलली आणि अस्तराचे टाके कापले. पट्टीच्या पाठीवर खडूचा बाण शाबूत होता.

"बाणाच्या दिशेनं लव मऊ लागते, बघा. हिनं बरोबर काढलाय. बाकीचे बाण खाली, हा एक वर. लावताना पट्टी फिरली. आणि टाचण्या तुम्ही लावल्या होत्यात, बाई."

मशीनं थांबली. मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, ही जीभ गिऱ्हाइकापुढे कशी चालायची?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. दुकानाचा निकाल लागला, ते साखरेचं.

साखर स्टूल ओढून जवळ बसली. "माझ्यासाठी कशाला, वहिनी? तुम्ही फार चांगल्या आहात."

"तुझ्यासाठी नाही. तुझा चांगुलपणा बघवला नाही मला, म्हणून बोलले."

साखर पहिल्यांदाच हसली नाही. "चांगुलपणा कसला? कुणाचा आवाज चढला की माझे हातपाय गार पडतात. मग मी माझंच चुकलं म्हणून मोकळी होते. घरीही तेच." ती पडद्याची कड चाचपत राहिली. "तुम्ही बाईंना तोंडावर बोललात. रोज वाटतं, असं मला जमायला हवं होतं."

वहिनींनी पडद्याचं एक टोक तिच्याकडे सरकवलं, दुसरं आपल्या मांडीवर घेतलं. दोघी उसवू लागल्या. साखरेची बोटं भराभर चालत होती, वहिनींपेक्षाही भराभर. वहिनींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि आपला वेग वाढवला.