ओला डगला

शुक्रवारचं ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. सूर्य मावळला की शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार, आणि मग ब्रूना नाण्याला हात लावणार नव्हती. श्पायर शहरातल्या यहुदी गल्लीत सावकारी करणारी ही विधवा भट्टीत पाव सरकवत असतानाच दार वाजलं. कातारी कुन्त्सची बायको हेडविग नवऱ्याचा ओला डगला घेऊन उभी होती.

"चाळीस फेनिग द्या, ब्रूनाबाई. ह्यांचा पाय मोडलाय. हाडवैद्य उद्या पहाटेच्या नावेनं निघतोय, आणि आधी पैसे ठेवा म्हणतो."

"अगं, ओलं कापड आणलंस?"

"मळका आणायची लाज वाटली. धुतला."

"मळका चालला असता गं!"

ओलं किंवा रक्ताळलेलं कापड यहुद्यांनी गहाण घेऊ नये, अशी बिशपची आज्ञा होती. असं कापड घरात सापडलं, की खुनाचा आळ सगळ्या गल्लीवर यायचा.

ब्रूनानं डगला भट्टीपुढे टांगला आणि खिडकीतून कललेला सूर्य पाहिला.

"तुमच्या देवाला भारीच घाई, बाई."

"तुझ्या वैद्याला काय कमी आहे?"

दोघी हसल्या. कापड सुकत गेलं, तसा खालच्या काठाशी तपकिरी डाग वर आला. हसू थांबलं.

"हाड बाहेर आलं होतं," हेडविग हळूच म्हणाली. "त्यांचंच रक्त आहे."

ब्रूनाचा विश्वास बसला. पण तिच्या विश्वासाला न्यायाधीशापुढे कोण विचारणार? तिनं डगला उतरवून परत दिला.

"अंगठी?"

"ती गेल्या हिवाळ्यापासून तुमच्याच पेटीत आहे."

गहाणाशिवाय पैसे दिले तर उद्या ते दिले होते हेच सिद्ध होणार नाही. वस्तू हलकी असली तरी साक्षीला पुरते.

"जोडे काढ."

"या जोड्यांचे दहासुद्धा येणार नाहीत."

"ते मला कळतं. काढ लवकर."

ब्रूनानं चाळीस फेनिग तिच्या ओंजळीत ओतले आणि दिवंगत नवऱ्याचे लाकडी जोडे पुढे केले. हेडविगनं नकारार्थी मान हलवली.

"यहुद्याचे जोडे घालून घरी गेले, तर सासू उंबरा ओलांडू देणार नाही."

ती गोठलेल्या दगडांवरून अनवाणी धावली. वेशीवरचा पहारेकरी ओरडला, "काय गं, म्हातारीनं जोडेसुद्धा सोडले नाहीत?"

हेडविगनं नाणी छातीशी घट्ट धरली. थांबून उत्तर देण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता.

ब्रूनानं दार लावलं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर काय बोललं जाईल, ते तिनं पहारेकऱ्याच्या तोंडून आताच ऐकलं होतं. तिनं जोड्यांना खुणेची दोरी बांधली, हात धुतले आणि उजेड होता तोवर शब्बाथचे दिवे लावले.