न धुतलेला व्हॉल्व्ह

तिने दाब आणखी वाढवला. दाबमापकाचा काटा दहावर आला, अकरावर गेला, तेराही ओलांडून गेला, तरी बेंचवर आवळलेला व्हॉल्व्ह हूं की चूं करेना. दहाला त्याने उघडायला हवं होतं. टाकीतला दाब हद्दीबाहेर गेला की आपोआप उघडून तो बाहेर सोडायचा, एवढं एकच काम त्याला असतं. पंधराच्या पुढे जायची तिची छाती झाली नाही. दाब उतरवून तिने व्हॉल्व्ह खोलला.

आधी वास आला. जळक्या रबरावर कुणी ओकून ठेवावं तसा. आत तपकिरी, चिकट राड भरली होती आणि दाबाने वर उचललं जायचं ते झाकण, ज्या कडेवर टेकतं त्या बैठकीला, डिंकाने डकवल्यासारखं बसलं होतं. तिने खरवडलं तसा एक लिबलिबीत पापुद्रा सुटून तिच्या मनगटावर पडला. तिने तो फडक्याने पुसून काढला.

इतकी वर्षं ती व्हॉल्व्ह तपासत होती. असा एकही तिच्या हाती आला नव्हता.

तेवढ्यात मामा आले. वर्कशॉप त्यांचं, आणि कामही त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलेलं. सकाळी ते दाढ काढायला गेले होते, म्हणून कारखान्याहून आलेल्या टेम्पोतला हा पहिला व्हॉल्व्ह आज तिनेच उतरवून घेतला होता. सुजल्या गालाला रुमाल लावून ते बेंचशी वाकले.

"हा लावायला कुणी सांगितलं तुला?"

"पंधरालाही उघडला नाही, मामा."

"कसा उघडेल? धुऊन घे, मग लाव."

"आला तसाच लावायचा असतो ना? धुतल्यावर काय, कुठलाही उघडेल. मग आपण तपासतो काय?"

मामांनी रुमालात थुंकून रक्त निरखलं, घडी घातली आणि रुमाल खिशात ठेवला.

"तोंड ठणकतंय माझं. वाद घालू नकोस."

कारखान्याचे साहेब केबिनमध्ये चहा पीत बसले होते. ती व्हॉल्व्ह ट्रेमध्ये घालून तशीच आत गेली. निदान हा माणूस तरी हादरेल, असं तिला वाटलं.

साहेबांनी नाक दाबलं.

"अरेच्चा! मामांनी धुतला नाही वाटतं आज?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय मॅडम, आमचे सगळे असेच निघतात. मामा आधी आंघोळ घालतात, भांग पाडतात, मग तुमच्यापुढे बसवतात." साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. "टेम्पोत अजून आहेत. संध्याकाळपर्यंत होतील ना?"

ट्रेची कड तिच्या बोटांत रुतली.

"या टाकीजवळ माणसं असतात?"

"असतात की. सावली असते तिथे. पोरं जेवायलाही तिथेच बसतात."

काटा दहावर येताच व्हॉल्व्ह फट्दिशी उघडला की तिला दर वेळी बरं वाटायचं. मामा शेजारी उभे राहून मान डोलवायचे. ते सगळे आधी धुतलेलेच होते.

ती परत आली तेव्हा मामांनी रॉकेलची बादली काढून ठेवली होती.

"दे इकडे. मीच धुतो."

"नको."

तिने स्वतःच धुतला. राड सुटली, बैठक आरशासारखी चकाकू लागली. त्या जागी केसाएवढा चराही चालत नाही, झाकण घट्ट बसत नाही आणि व्हॉल्व्ह गळतो. तिने भिंतीवरची कानस काढली आणि अंगातलं सगळं बळ लावून बैठकीवरून आडवी ओढली. मग पुन्हा एकदा. दात शिवशिवतील असा आवाज झाला.

मामांचा हात गालावरच राहिला.

"अगं, काय केलंस हे! आता हा कामातून गेला."

"नवा आणतील."

"नवा येईपर्यंत त्यांना टाकी चालू करता येणार नाही!"

"हो," ती म्हणाली, आणि कानस हातात तशीच धरून टेम्पोकडे निघाली.