बादलची माती

कुंदन आमच्या ओट्यावर बसून ते बोलला, तेव्हा मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. जहाज बुडालं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वादळातलं ते जहाज सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं, आणि वाचलेल्या थोड्या खलाशांत हा एक. म्हणे, भोंगा झाला तेव्हा अंधारात माझ्या तेजसनं आणि त्याच्या जहाजावरच्या दोस्तानं, बादलनं, एकमेकांचे बॉयलर सूट चढवले. सुटांच्या छातीवर नावं शिवलेली. प्रेतं किनाऱ्याला लागली तेव्हा तोंडं ओळखू येत नव्हती, म्हणून नावं वाचून घरोघर पाठवली. "आता सांगतोस मेल्या?" मी म्हटलं. तो खाली मान घालून रडत बसला.

म्हणजे सावद्यात आम्ही ज्याला अग्नी दिला, ज्याची राख तापीत सोडली, तो साक्रीकडचा बादल. त्यांच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. माझा तेजस तिकडे डोंगरात मातीखाली होता. मला पोराला घरी आणायचं होतं, त्याला अग्नी द्यायचा होता; मग बादलच्या आईचं काय व्हायचं ते होवो. तेजसचे वडील साक्रीच्या वाटेत एकदाच म्हणाले, "लता, तिले सांगशीन कसं?"

बादलची आई दगडीबाई. तेजसचे आईवडील आलेत म्हटल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत. तशीच मला शेताच्या बांधावर घेऊन गेली. मोहाच्या झाडाखाली दगड रचलेले, भोवती शेणानं सारवलेलं. माझ्या देवघरापुढंही नसेल इतकं लख्ख. रोज जेवायच्या आधी ती पोराचा घास इथं आणून ठेवते. आजही भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा होता.

"त्याले ठेचाबिगर घास उतरे नही," ती म्हणाली.

माझ्या तेजसला तिखटाचा वाससुद्धा सोसायचा नाही. वरणात मिरची दिसली तरी ताटावरून उठायचा. आणि वर्षभर त्याच्या उशाशी रोज ठेचा. माझा जीव तीळतीळ तुटला. वाटलं, ती भाकरी उचलावी आणि ओरडून सांगावं, बाई, हा माझा आहे.

"तुमना पोऱ्यानी माती कोठे शे, ताई?" तिनं विचारलं.

"आमच्यात जाळतात, अक्का. राख तापीत सोडली."

"बठ्ठी? मूठभरबी ठेवी नही?" तिनं तोंडाला पदर लावला. "मंग तुमी बसतस कोठे? मी ते आठे बसस म्हनीसन जित्ती शे."

तेजसच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. तिचं पोर आम्ही कधीच पाण्यात सोडून दिलं होतं. आता हे दगडही कोणत्या तोंडानं मागायचे?

निघताना ती म्हणाली, "त्याले सांगीसन जा, ताई. नाव लईसन सांगा, तो आयकस."

मी गुडघे टेकले, दगडावर हात ठेवला. ओठांवर आलेलं नाव गिळलं. दगडीबाई शेजारीच उभी होती.

"बादल," मी माझ्या तेजसला म्हणाले, "येते रे बाळा."