टाक्यातलं सोनं

गार्ड, म्हणजे तिकडचे पोलीस, आले तेव्हा बातिस्ते अंगणात उभ्या उभ्या कॉफी पीत होता. फाटकाबाहेर हिरव्या गाड्या एकामागोमाग थांबलेल्या पाहून त्याने कप टाक्याच्या कठड्यावर ठेवला आणि घरात हाक दिली, "कोन्सोल, कुत्रीला बांध गं." पोस्टमन आल्यासारखा शांत आवाज.

स्पेनमधल्या बेनियालफा गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर बदामाची शेती आणि मधोमध त्यांचं घर. बदाम नावापुरते. गेली वीस वर्षं नवराबायको गांजाचं बी तयार करून विकत होते. बी विकायला कुणाची आडकाठी नव्हती. व्हॅलेन्सियातल्या दुकानांत त्यांची रंगीत पाकिटं काचेमागे मांडलेली असायची. पण बी धरायला झाडाला फुलोरा यावा लागतो, आणि फुलोरा आला की तेच झाड गुन्ह्याचं. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बातिस्तेने धंदा उभा केला होता. वाणाची जोडी जमवणं त्याचं काम, बी निवडणं कोन्सोलचं. पांढऱ्या परातीत बी पसरून ती फिकट दाणे बाजूला काढायची आणि गर्द, पट्ट्यांचे तेवढे ठेवायची.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झडती चालली. शेडमधली गांजाची झाडं मुळासकट उपटून ट्रकमध्ये भरली. जुन्या वाणांचं मूळ बी ज्या थंड पेट्यांत होतं, त्या पेट्या बाहेर आणून भर उन्हात रचल्या.

"सावलीत तरी ठेवा," कोन्सोल म्हणाली. "मरेल ते."

"मावशी, आम्हाला ते पेरायचं नाहीये," एक पोरगेला गार्ड हसला.

त्यांच्या साहेबाने बातिस्तेला विचारलं, "घरात रोकड? दागिने? सोनं?"

"लग्नाची अंगठी आहे. बोटातून निघत नाही. न्यायची तर बोटासकट न्या."

साहेबाने टाक्यावरचं लोखंडी झाकण उचलायला लावलं. पावसाचं पाणी साठवायचं जुनं टाकं, घराहूनही जुनं. बॅटरीच्या उजेडात काळं पाणी आणि वर तरंगणारा पाचोळा दिसला. झाकण पुन्हा पडलं, तेव्हा कोन्सोलने बातिस्तेकडे पाहायचं टाळलं.

सोनं त्याच पाण्याखाली होतं. तळाच्या गाळात, बियांच्या जाड प्लास्टिकच्या डब्यांत.

सोन्याचा नाद बातिस्तेला बापामुळे लागला. म्हाताऱ्याने आयुष्यभराची शिल्लक गावच्या बँकेत ठेवली; तिथल्या गोड बोलणाऱ्या माणसाने कसल्याशा कागदांवर सह्या घेतल्या, आणि बँक बुडाली तशी शिल्लकही गेली. शेवटची दोन वर्षं म्हातारा दर शुक्रवारी गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून बँकेसमोर उभा राहायचा. त्याच्या मातीहून परतताना बातिस्ते म्हणाला होता, "ज्याला कुणाची सही लागत नाही, तेच आपलं." तेव्हापासून तो व्हॅलेन्सियाला बेरेंगेर नावाच्या एका सोन्याच्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि येताना शर्टाच्या खिशात नाणं नाहीतर छोटी वीट घेऊन यायचा. कोन्सोलला स्वयंपाकघर दुरुस्त करायचं होतं, एकदा समुद्रावर आठवडाभर राहायचं होतं. "पुढच्या वर्षी," तो म्हणायचा.

गार्डांनी बातिस्तेला नेलं, खाती गोठवली, शेडच्या दारांना मोहोर लावली. कोन्सोल आणि कुत्री, दोघीच राहिल्या.

बेरेंगेर आला तो रविवारी, जेवणं उरकून सारा गाव पडदे ओढून झोपतो त्या वेळी. हातात मिठाईवाल्याच्या दोरीने बांधलेला बदामाचा केक. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. करड्या गाडीत आणखी एकजण बसला होता, तो उतरला नाही.

"कोन्सोलबाई, वाईट वाटलं हो," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "म्हटलं, काही मदत लागली तर. वकिलाला रोख लागते. आमच्याकडून नेलेलं आम्ही परत घेतो. चांगल्या भावाने."

"माझ्याकडे काही नाही. गार्डांनी सगळं नेलं."

"सगळं?" त्याने केकचा तुकडा स्वतःच कापून घेतला. "सोनं नेल्याचं पेपरात आलं नाही ते." मग त्याची नजर अंगणाकडे गेली. "बातिस्ते हुशार माणूस. मला एकदा विचारत होता, सोनं वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं तर त्याला काही होतं का. मी म्हटलं, काही होत नाही, बाबा. माणसालाच होतं."

तो हसला. कोन्सोलला हसू आलं नाही.

"या उन्हाळ्यात टाक्याला पाणी आहे का हो?" उठता उठता त्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो गाडीत जाऊन बसला.

त्या आठवड्यात तीच करडी गाडी खालच्या वळणावर दिसू लागली. कधी सकाळी, कधी दुपारी. एकदा कोन्सोल गावातून भाजी घेऊन परतली, तर अनोळखी माणसावर आकाशपाताळ एक करणारी कुत्री दारात सुस्त पडली होती. तोंडाशी सॉसेजचा तुकडा. कोन्सोलने तिला सॉसेज दिलं नव्हतं. घरातली एक वस्तू हललेली नव्हती. म्हणजे आलेला माणूस चोरी करायला आलाच नव्हता. कुत्रीशी ओळख करून घ्यायला आला होता.

ती तुरुंगात भेटीला गेली. काचेपलीकडे बातिस्ते फोन कानाला लावून बसला होता. बेरेंगेर आणखी कुणाला तरी गाडीत घेऊन आला होता, हे ऐकताच त्याचा चेहरा उतरला.

"गाडीत कोण होतं?"

"मी ओळखत नाही. मान जाड होती. बातिस्ते, मला तिथे झोप येत नाही. आपण सांगून टाकू या."

"कुणाला? गार्डांना? डोकं फिरलंय का तुझं? वीस वर्षांची कमाई आहे ती. तुझ्या भावाला येऊन राहायला सांग. आणि टाक्याला हात लावू नकोस, कळलं? काही झालं तरी."

"आणि मला काही झालं तर?"

तो काचेवर बोटाने काहीतरी पुसत राहिला. तेवढ्यात वेळ संपली.

घरी येताना बसमध्ये कोन्सोलला दुःखापेक्षा रागच जास्त आला. भाऊ पाठीच्या दुखण्याने अंथरुणात आहे, हे बातिस्तेला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वकीलबाईंना फोन केला. ल्येदो नाव त्यांचं. तरुण आणि बोलायला तुटक. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः आणून दिलंत तर कोर्ट ते मोहोरबंद ठेवेल. खटला जिंकलो तर परत मिळेल. हरलो तर गेलं. पण तुमच्या घरात ते राहणार नाही."

"मला तेवढंच पाहिजे."

त्या दुपारी वळणावर गाडी नव्हती. कोन्सोलने फाटकाला साखळी घातली, बातिस्तेची जुनी विजार चढवली आणि शिडी टाक्यात सोडली. पाणी छातीपर्यंत आलं आणि गारठ्याने तिचे दात वाजायला लागले. पाय गाळात रुतत होते. ती तळव्यांनी चाचपायची, डबा लागला की नाक दाबून खाली वाकायची. एकेक डबा वर येत होता आणि वरच्या चौकोनी उजेडात कुत्रीचं तोंड तेवढं दिसत होतं. मध्येच ते दिसेनासं झालं. कोन्सोल श्वास रोखून उभी राहिली. कुणाची चाहूल नव्हती. मग कुत्री पुन्हा डोकावली.

सगळा तळ दोनदा पायांनी पालथा घातला, तेव्हा ती वर आली. संध्याकाळच्या आत वकीलबाई दोन गार्डांना घेऊन आल्या आणि सोनं गेलं. कोन्सोलला वाटलं, आता निवांत झोपू.

गाडी मात्र उभी राहायचीच. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सोनं गेल्याचं त्यांना कळायला हवं. गुरुवारच्या बाजारात, पेपिकाच्या चीजच्या गाड्यासमोर गर्दी असताना ती मोठ्याने म्हणाली, "आमचं सोनं होतं, ते मी कोर्टात नेऊन दिलं. सगळ्यांनी ऐका. घरात आता एक नाणं नाही."

मग पेपिकाने डोळा घातला. "बरोबर केलंस गं बाई. असंच सांगत जा सगळ्यांना."

"पेपिका, खरंच दिलं."

"मी कुठे नाही म्हणते?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. सोनं होतं हे आजवर गावाला ठाऊक नव्हतं, आता झालं. महिन्याभरात बदामांखाली खड्डे दिसू लागले. बी पेरायला खणावेत तसे नेटके.

थंडी सरताना बातिस्ते जामिनावर सुटला. फाटकातून आत आला तो थेट टाक्याशी गेला. कोन्सोलने त्याला उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. झाकणावर बसला आणि म्हणाला, "सगळे डबे?"

"सगळे."

"पिवळ्या झाकणाचा?"

"पिवळ्या झाकणाचा कुठला? सगळी झाकणं हिरवी होती."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती ज्या नजरेने परातीतले दाणे निवडत होती, तशी ती नजर होती.

असा डबा खरंच होता, की तो तिला चाचपून पाहत होता, की तिच्या आधी कुणी टाक्यात उतरलं होतं, हे कोन्सोलला कधीच कळलं नाही. त्याने पंप लावून टाकं कोरडं केलं, गाळ चाळणीतून काढला, तळाच्या फरशा उचकटल्या. काही निघालं नाही. मग तो घरात शिरला. तिचं कपाट, तिच्या आईची पेटी, पिठाचा डबा. "मी काही म्हणतोय का तुला?" तो म्हणायचा. "फक्त बघतोय."

एका दुपारी ती वरच्या बांधावरून उतरली, तर अंगणात करडी गाडी उभी. बेरेंगेर आणि जाड मानेचा माणूस टेबलाशी बसले होते आणि बातिस्ते त्यांना वाईन ओतत होता. तिघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"ये, बैस," बातिस्ते म्हणाला. "तुलाच विचारायचंय."

"आले, हात धुऊन," ती म्हणाली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ती बाहेर पडली, कुत्रीला घेतलं आणि ओढ्याच्या वाटेने चालत खालच्या रस्त्यावरचा बसथांबा गाठला. अंगावर मातीने भरलेला झगा तसाच होता.

आता ती समुद्रकाठी बहिणीकडे राहते. खटल्याची तारीख अजून लागलेली नाही. परवा पेपिकाचा फोन आला. बदामाची झाडं एकेक करून उपटताहेत म्हणे, बातिस्ते आणि करड्या गाडीतून येणारे ते दोघे. जेवणंही तिथेच होतात.

"आणि काल कुणीतरी बाजारात विचारत होतं," पेपिका म्हणाली, "तुझी बहीण नेमकी कुठे राहते म्हणून. चांगला माणूस दिसला. शर्ट कसा इस्त्रीचा."

"तू काय सांगितलंस?"

"अगं, तुला भेटायचं म्हणत होता. केक आणला होता त्याने."

कोन्सोलने फोन ठेवला आणि जाऊन दाराला कडी घातली.

"भर दुपारी?" बहीण आतून म्हणाली. "हवा येऊ दे की जरा."