शिंप्याची साक्ष

बाईने खुर्ची मागे ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच राहिली. वकिलाने चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडे पाहिलं आणि समोरची उघडी फाईल मिटली. फाईल भलत्याच खटल्याची होती. मिटायचं काही कारण नव्हतं.

"ओळखलंत ना?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

तो दोन्ही बाजूंनी उभा राहत असे. सरकारने नेमलं तर सरकारतर्फे, एरवी आरोपीतर्फे, आणि दोन्हीकडे हात सारखाच साफ. बाररूममध्ये त्याच्या पाठीमागे त्याला 'चाळणी' म्हणत. साक्ष कितीही घट्ट विणीची असो, याच्या हातात पडली की भोकं दिसायला लागत. हे नाव त्याच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडलंही होतं.

ही बाई काही वर्षांपूर्वी त्याच्यासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. तिच्या मुलीला जिन्यावरून कुणीतरी ढकललं होतं आणि मुलगी गेली होती. समोरच्या इमारतीतला एक माणूस जिन्यावरून पळताना आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता. वकील त्या माणसाचा होता. उलटतपासणीत त्याने आवाज चढवला नाही. शेगडी चालू होती का, खिडकीच्या काचेवर वाफ होती का, जिन्यातला दिवा लागला होता का, सदरा कोणत्या रंगाचा, असं एकेक विचारत गेला, घरातलाच कुणी विचारपूस करतो तसं. शेवटी ती म्हणाली होती, "दिसला होता मला... म्हणजे, तसं वाटलं." तो "धन्यवाद" म्हणून खाली बसला. माणूस निर्दोष सुटला.

निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या अशिलाने त्याचा हात हातात घेतला होता आणि हसून, हळूच म्हणाला होता, "काय नजर आहे हो त्या बाईची."

वकिलाने हात सोडवून घेतला. अशिलाचं बोलणं वकिलाजवळच राहतं, कायदाच तसा आहे. ते राहिलंही. पण त्यानंतर त्याला एक खोड लागली. घरी जाताना जिन्यात कुणी भेटलं, की वरच्या वळणावर तो डोळे मिटून थांबे आणि त्या माणसाने काय घातलं होतं ते आठवून बघे. काही आठवत नसे. मग त्याला बरं वाटे. माणसाच्या लक्षात राहतच नाही, असं मनाशी म्हणत तो दार वाजवी. आणि नेमकी त्याच वेळी ती बाई डोळ्यांसमोर उभी राही, जशीच्या तशी. तपकिरी स्वेटर, खालचं बटण चुकीच्या काजात, कठड्यावर पांढरी पडलेली बोटं. जेवताना बायको विचारायची, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" तो म्हणायचा, इथेच आहे.

आता बाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुटलेला माणूस बाजारात तिच्या मुलाच्या समोर आला होता. मुलगा लेथवर काम करणारा, अंगाने थोराड, स्वभावाने अबोल. त्याच्या हातात कामाची लोखंडी सळई होती. माणूस जागीच मेला. मुलगा कोठडीत होता. आसपासच्या दुकानदारांनी काही पाहिलं नव्हतं, किंवा तसं सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या शिंप्याने मात्र पाहिलं होतं, आणि तो ते कोर्टात सांगणार होता.

"माझ्या मुलाने..." ती म्हणाली, तसा वकिलाने हात वर केला.

"ते मला सांगू नका. मी विचारणार नाही, तुम्ही सांगायचं नाही." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "शहरात वकील काय कमी आहेत? माझ्याकडे का आलात?"

तेव्हा ती बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"त्या दिवशी पिंजऱ्यात चढले तेव्हा मला सगळं स्वच्छ माहीत होतं. उतरले तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. अजून नाही. कधी वाटतं, जिन्यात तो नसेलच. दुसराच कुणी असेल, आणि माझ्या पोराने भलत्यालाच..." तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "तुम्हाला जमतं ते. त्या शिंप्याचंही तसंच करा."

वकिलाने तोंड उघडलं. मग टेबलावरचा पेला उचलला आणि पाणी प्यायला. पाणी संपल्यावर त्याने तिच्यापुढे वकालतनामा सरकवला आणि मुलाची सही कुठे घ्यायची ते बोटाने दाखवलं.

खटला उभा राहिला. शिंपी नीट इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता. सरकारी वकिलाला त्याने न अडखळता उत्तरं दिली. मशीन खिडकीशी आहे, समोर भाजीचे गाडे आहेत, सळई ज्याने मारली तो हाच. त्याने आरोपीकडे बोट केलं, पण त्यात राग नव्हता. चुकलेली शिवण दाखवावी तसं ते बोट होतं.

मग वकील उठला. त्याने आधी तब्येतीची चौकशी केली. किती वर्षं हा धंदा, नजर थकली असेल, असं बोलत बोलत तो चष्म्यापाशी आला. त्या वेळी काका काय करत होते? सुई ओवत होते. म्हणजे जवळचा चष्मा लावला होता.

"सुई ओवायच्या चष्म्यातून रस्त्यापलीकडचा चेहरा दिसतो, काका?"

"मी चष्म्यावरून पाहिलं."

"चष्म्यावरून म्हणजे चष्म्याशिवायच की."

शिंप्याने चष्मा काढला, हातात धरून पाहिला, पुन्हा घातला. वकील थांबून राहिला. हे थांबणं त्याला चांगलं जमत असे.

"तोच होता," शिंपी म्हणाला. मग त्याने आरोपीकडे पुन्हा एकदा पाहिलं, जरा जास्तच वेळ. "म्हणजे... मला तरी तसं वाटलं."

मागच्या बाकावर कुणीतरी श्वास सोडला. वळून न पाहताही वकिलाला ते कोण ते कळलं. "धन्यवाद" हा शब्द त्याच्या तोंडातून नीट फुटला नाही; न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

संशयाचा फायदा मिळून मुलगा सुटला. निकालाच्या दिवशी बाररूममधल्या दोघातिघांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली. मुलाला मामाने आणि आत्याने घेरलं होतं. आत्या त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि तो जमिनीकडे बघत उभा होता. आई त्यांच्यात नव्हती.

वकील फायली काखेत घेऊन दाराशी आला, तेव्हा ती त्याला दिसली. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर शिंपी बसला होता. आज त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता, आणि निकाल ऐकून झाल्यावर घरी जायचं सोडून तिथेच बसला होता. चष्मा काढून तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, मग चष्मा घालून, मग पुन्हा काढून.

बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला दिसलं ते बरोबर दिसलं," ती म्हणाली. आवाज खाली होता, पण दारापर्यंत ऐकू आला. "तोच होता. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

शिंप्याने वर पाहिलं. हे तिला कसं ठाऊक, असं त्याने विचारलं असावं.

"मी त्याची आई."

चष्मा खिशात ठेवून म्हातारा बाकावर थोडा सरकला, आणि त्याने तिला जागा करून दिली. ती बसली. दोघंही समोर पाहत राहिले.

वकील दारातच उभा होता. बाहेर जायचं तर त्या बाकासमोरूनच जावं लागणार होतं.