सात नंबरची काठी आणि दोन गुडघे

मी सात नंबर बोलतेय. नाव विचारू नका, मला नाव नाही. तळ्याकाठच्या जंगलात फिरायची जी वाट आहे, तिच्या फाटकाशी तेलाचा एक जुना पिंप ठेवलेला आहे. त्या पिंपात आम्ही बारा काठ्या उभ्या असतो. लागेल त्याने घ्यावी, फिरून यावं, परत ठेवावी. त्यातली मी सातवी.

माझा जन्म वादळातला. तळ्याकाठचं एक झाड आडवं झालं आणि वाट अडली. ती मोकळी करायला आलेल्या सुताराने जाड लाकूड गाडीत भरलं, उरलेल्या फांद्यांच्या काठ्या केल्या. माझ्या मुठीशी एक गाठ होती. ती तासायचा त्याला कंटाळा आला. "असू दे, धरायला बरी," म्हणाला आणि लाल रंगाने माझ्यावर सात काढला. बाकीच्या काठ्या मला त्या गाठीवरून अजून चिडवतात. त्यातही चार नंबर. तिला पितळेची टोपी आहे, त्यामुळे ती पिंपातसुद्धा नाक वर करून उभी असते.

आमचा घात केला तो फाटकावरच्या पाटीने. "सोपी वाट. सर्व वयाच्या लोकांसाठी." वाट सोपी आहे यात वाद नाही. तळ्याच्या कडेकडेने झाडांतून सव्वा किलोमीटर सपाट जायचं, मग जुन्या किल्ल्याचे अवशेष लागतात: अर्धी कमान, छप्पर उडालेला बुरूज, आणि अकरा पायऱ्या चढून गेलं की एक दगडी बाक. तिथून अख्खं तळं दिसतं. पण माणसांचं असं आहे बघा, अवघड डोंगरावर काठी घेतली तर गिर्यारोहक, आणि सोप्या वाटेवर घेतली तर म्हातारा. मग आम्हाला हात कोण लावणार?

त्यातून फाटकावरच्या ताई. मनाने सोनं, पण आवाज भलता खणखणीत. काठी नेणाऱ्याने वहीत तिचा नंबर लिहायचा, आणि पुढे "काठी कशासाठी" या रकान्यात कारण लिहायचं. लिहिलेलं मोठ्याने वाचून खात्री करून घ्यायची ताईंना सवय. "तीन नंबर, कुत्र्यांची भीती!" अख्ख्या रांगेला ऐकू जातं. लोक मग काहीबाही लिहितात. "फोटोसाठी." "सहज." एका गृहस्थांनी स्वतःला काठी हवी असताना "सासूबाईंसाठी" असं ठोकून दिलं. ताईंनी तेही वाचलं. सासूबाई शेजारीच गाडीत बसल्या होत्या आणि गाडीच्या काचा उघड्या होत्या.

माणूस तोंडाने काहीही सांगो, आम्हाला वजनावरून सगळं कळतं. किती भार टाकला, कोणत्या पावलाला टाकला, यावरून दुखणं कुठे आहे ते मी पहिल्या दहा पावलांत सांगेन. सांगायला तोंड नाही, एवढंच.

एके दिवशी सर आणि बाई आले. सर शाळेत व्यायाम शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मान अजून कवायतीतली. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या आणि बोलण्यात पक्क्या. सर बाथरूममध्ये घसरले होते आणि त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: रोज चाला, आणि काठी घेऊन चाला. यातली पहिलीच सरांना ऐकू आली होती.

"मी अख्खी शाळा पळवलीय," सर फाटकाशी म्हणाले. "ज्या दिवशी काठी हातात धरीन, त्या दिवसापासून घरात बसेन. मग चालणं बंद!"

ते खरंच बसले असते. बाईंना त्यांची जिद्द पुरती ठाऊक होती.

"तुम्हाला कोण देतंय?" बाई म्हणाल्या. "मला हवीय. माझा गुडघा कालपासून ठणकतोय."

सरांनी वहीत वळणदार अक्षरात लिहिलं. ताईंनी वाचलं, "सात नंबर, पत्नीचा गुडघा!" आणि बाई लंगडत निघाल्या. काय सुरेख लंगडत होत्या! माझ्यावर मात्र वजन शून्य. पहिल्या वळणावर फाटक दिसेनासं झालं तशा त्या थांबल्या.

"धरा हो जरा. बुटाची नाडी सुटलीय."

सरांनी मला धरलं. नाडी बांधून झाली, पण बाईंनी मला परत मागितलं नाही, तरातरा पुढे निघून गेल्या. सर मला घेऊन मागे. चार पावलांत त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, आणि वरून एक लांब सुस्कारा ऐकू आला. परत येताना त्याच वळणावर त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. "घे तुझी काठी. किती विसरभोळी आहेस!"

हे नाटक दोन वर्षं चाललं. रोज तीच नाडी, रोज त्याच वळणावर सुटायची. सरांना कळलं नव्हतं असं तुम्हाला वाटतं? पहिल्या आठवड्यानंतर ते नाडी सुटायच्या आधीच हात पुढे करायला लागले होते. पण बोलायचं कुणीच नाही. मला या नाटकातलं आपलं काम फार आवडायचं.

मग एक दिवस परतीच्या वळणावर बाईंनी मला हातात घेतलं, लंगडायला सुरुवात केली आणि मी दचकले. माझ्यावर वजन होतं. डाव्या पायाचं, अगदी खरं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आता बाईंनाच काठी हवी होती, आणि त्या मात्र रोज वळणावर नाडी सोडून मला सरांच्या हातात देत होत्या. दुसरी काठी मागावी, तर एका बाईला दोन काठ्या कशाला, हे ताईंनी सगळ्या रांगेसमोर विचारलं असतं. मग सर घरी बसले असते. म्हणून बाई गप्प. माझा जीव नुसता तुटायचा.

एका सकाळी अकरा पायऱ्यांपाशी बाई थांबल्या. "तुम्ही या जाऊन वर. रोज तेच तळं, त्यात मी काय नवीन बघायचं?"

सर मला घेऊन चढले. बाकावर बसले. पण एकट्याने तळं बघवेना, म्हणून खाली डोकावले. बाई कमानीच्या भिंतीला धरून पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवून बघत होत्या. एकदा अंग उचललं, जमलं नाही. पुन्हा उचललं. मग त्यांनी पाय मागे घेतला आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. सरांनी मला इतकं घट्ट आवळलं, की माझी गाठ त्यांच्या तळव्यात रुतली असणार.

ते खाली आले. "कधीपासून दुखतोय?"

"इश्श, दोन वर्षं रोज वहीत लिहिताय की!"

सर हसले नाहीत. त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. "धर."

"आणि तुम्ही?"

"माझ्या पायाला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्यांनी पाऊल टाकलं आणि असे हेलपाटले, की बाईंनी मला पुन्हा त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी पुन्हा बाईंच्या. त्या कमानीखाली माझी जशी ओढाताण झाली, तशी आजवर कुणी केली नव्हती. शेवटी सरांनी मास्तरकी काढली.

"दहा पावलं तू, दहा मी. काठी नसेल त्याने दुसऱ्याचा दंड धरायचा. सुरू! एक! दोन!"

बाई आठव्या पावलालाच "दहा" म्हणून मला सोपवायच्या. सर आपल्या पाळीला दोनवरून थेट सातवर उडी घ्यायचे. दोघेही लबाड! मागून पळत आलेल्या दोन तरुणी थांबल्या. "आजोबा, मदत हवी का?"

"व्यायाम चाललाय!" सर गरजले. "तुम्ही पळा! गुडघे वर!" त्या बिचाऱ्या खरोखर गुडघे वर उचलत दिसेनाशा झाल्या.

सव्वा किलोमीटरला दीड तास लागला. फाटकाशी सरांनी मला पिंपात ठेवलं आणि ताईंना नेहमीसारखं "उद्या येतो" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. "सुटलीस एकदाची," चार नंबर म्हणाली. मला तिची टोपी उपटून फेकावीशी वाटली.

चौथ्या दिवशी आले. नेमकी त्या दिवशी रांग मोठी होती, आणि रांगेत एक पोट सुटलेले गृहस्थ होते. सरांना बघून ते ओरडलेच, "सर! ओळखलंत का? मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचात मला! अजून तस्सेच ताठ आहात हो!"

सरांची मान आपोआप वर गेली. मी मनात म्हटलं, संपलं. बाईंनी सवयीने माझ्याकडे हात केला. "ताई, माझी सात नंबर..."

"थांब गं जरा," सर म्हणाले. त्यांनी पेन घेतलं. एक ओळ लिहिली. मग दुसरी सुरू केली आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मग भरभर लिहून त्यांनी वही ताईंकडे सरकवली. ताईंनी वाचायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच न वाचता मिटलं.

"वाचा की, ताई," सर म्हणाले. "रोज वाचता. आजच काय झालं?"

ताईंनी वाचलं, "सात नंबर, पत्नीचा गुडघा. चार नंबर, माझा गुडघा."

ते पोटवाले गृहस्थ सरांकडे बघत राहिले, मग हळूच पुढे झाले. "ताई, मलाही द्या एखादी."

"कारण?"

"सरांनी पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या तर?"

त्या दिवशी पिंप दुपारपर्यंत रिकामा झाला. कारणांच्या रकान्यात कंबर, घोटा, चक्कर, वय असलं बरंच काही खरं खरं आलं. ताई वाचून वाचून दमल्या.

तेव्हापासून मी बाईंची आणि चार नंबर सरांची. ती अजून टोपीचा तोरा मिरवते, पण परवा ओल्या पायरीवर तिने सरांना सावरलं, तेव्हा मीच तिला शाबास म्हटलं. माझी मूठ झिजून गुळगुळीत झालीय, लाल सात पुसट झालाय. तुम्ही कधी त्या वाटेला आलात तर लाजू नका, पिंपात हात घाला. वजन किती टाकलंत ते मी कुणाला सांगणार नाही.

आणि पहिल्या वळणावर थोडं थांबा. बाई तिथे अजून थांबतात. सवय जात नाही. "धरा हो जरा," म्हणून मला पुढे करतात. सर एका हातात चार नंबर, दुसऱ्या हातात मी, असे गुमान उभे राहतात, आणि बाई सावकाश वाकून, न सुटलेली नाडी पुन्हा एकदा बांधतात.